हवेची गादी होती, तरी पाठ लागली : सिडकोतल्या एका घराचं प्रकरण

नाशिकच्या सिडको भागातलं रो-हाउस. आजींचं वय ७४, वजन ४६ किलो, मधुमेह पंधरा वर्षांपासूनचा. मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. घरात आजोबा, मुलगा, सून आणि दहावीतली नात. मुलगा जवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीने कामाला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. जखमेचा आणि गादीचा तपशील मात्र जसाच्या तसा आहे, कारण हे प्रकरण त्याचंच आहे.

मी घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणारी परिचारिका. मे महिन्यात बोलावणं आलं तेव्हा आजींच्या माकडहाडाच्या जरा वर, त्रिकास्थीवर, ४ बाय ३ सेंटिमीटरची जखम होती. कातडी पूर्ण गेलेली, खालची चरबी दिसत होती आणि तळाशी काही भागात पिवळट मृत थर साचला होता. ‘पाठ लागली’ म्हणतात ती हीच, एकाच जागी दाब राहून होणारी जखम, म्हणजे शय्याव्रण. त्याच्या चार टप्प्यांपैकी हा तिसरा. डाव्या टाचेवर रुपयापेक्षा मोठा जांभळा डाग होता, कातडी शाबूत. असा डाग बघून लोकांना ‘मुका मार’ वाटतो. आतलं मांस आधीच दबून मेलेलं असू शकतं आणि ते काही दिवसांनी वर दिसतं.

मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, “सिस्टर, गादीच खराब निघाली का? महागातली आणू?”

प्रश्न रास्त होता. दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर ‘एअर बेड वापरावा’ अशी एक ओळ लिहून दिली होती. मुलाने आजी घरी यायच्या आत गादी आणून ठेवली. दुकानदाराने सांगितलं, “आता पाठीची चिंता सोडा.” त्यांनी ती सोडली. या घरात निष्काळजीपणा कुठेच नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचताना सुनेला दोष द्यायचा मोह होईल, तो टाळावा.

गादी साधी, बबलची होती: पीव्हीसीची चटई, तिच्यावर हवेचे उंचवटे, एक पंप आणि दोन नळ्या. दोन नळ्या का, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि सगळी मेख तिथेच आहे. उंचवट्यांचे दोन गट असतात. एक गट फुगतो तेव्हा दुसरा बसतो. साधारण दहा-बारा मिनिटांनी पाळी बदलते. म्हणजे ही गादी भार नाहीसा करत नाही, त्याची जागा बदलत राहते. ज्या कातडीवर आत्ता दाब आहे तिथून थोड्या वेळाने तो उठतो आणि दबलेल्या केशवाहिन्यांत, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत, रक्त पुन्हा येतं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ यूजीन लँडिस यांनी १९३० मध्ये केशवाहिनीत रक्त शिरतं त्या टोकाचा दाब मोजला, तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. तेव्हापासून ३२ हा आकडा गाद्यांच्या जाहिरातींतून फिरतो आहे. पण लँडिस यांनी तो निरोगी माणसांच्या नखाच्या कडेला मोजला होता. मधुमेह असलेल्या, अर्धांग झालेल्या, वाळलेल्या आजींच्या त्रिकास्थीला तो लावून ‘३२ च्या खाली म्हणजे सुरक्षित’ असं म्हणता येत नाही.

गादी बघायच्या आधी आजींची जोखीम मोजली. त्यासाठी बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकन परिचर्या-संशोधकांची मोजपट्टी आहे. सहा बाबींना गुण द्यायचे, एकूण ६ ते २३ मध्ये बसतं, जितके कमी गुण तितका धोका जास्त. आजींचे ११ भरले. १० ते १२ म्हणजे मोठी जोखीम. सर्वांत कमी गुण दोन ठिकाणी होते: अंथरुणातून उठणं आणि घसरणं-घासणं. हे दुसरं पुढे महत्त्वाचं ठरलं.

मग गादी पाहिली. खरं तर गादीपर्यंत पोचायलाच वेळ लागला. वर घट्ट खोचलेली चादर, तिच्याखाली चौघडी गोधडी, तिच्याखाली मेणकापड आणि त्याखाली एअर बेड. एअर बेडखाली थेट दिवाणाचा प्लायवूड.

प्रत्येक थराला कारण होतं. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. पीव्हीसीवर घाम जिरत नाही, पाठ भिजून जाते. सुनेने घाम टिपायला गोधडी घातली. डायपर गळून हवेची गादी खराब होऊ नये म्हणून मेणकापड. चुरगळलेली चादर टोचते, म्हणून ती ताणून बसवलेली. आणि जुनी कापसाची गादी काढून टाकली, कारण ‘नवी गादी आली ना’. बबलची गादी ही स्वतंत्र गादी नसून नेहमीच्या गादीवर अंथरायची चटई आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता परिणाम बघा. उंचवटे खाली-वर होत होते, पण ते आजींच्या अंगाला कळतच नव्हतं. ताणलेली चादर आणि जाड गोधडी यांनी मधली सगळी हालचाल खाऊन टाकली होती.

पंपावर दाब कमी-जास्त करायची खुंटी असते. या पंपावर ती वजनानुसार लावायची होती, किलोचे आकडे छापलेले होते. ४६ किलोच्या बाईंसाठी ती खालच्या टोकाजवळ असायला हवी. इथे शेवटच्या टोकाला होती. आजीच म्हणाल्या होत्या, “अंगाखाली काहीतरी वळवळतंय, कडक करा.” मुलाने कडक केलं. आजींना बरं वाटलं, कारण वळवळ जाणवायची थांबली. उंचवटे टम्म झाले की शरीर त्यांच्यात रुतत नाही, टोकांवर तरंगतं. भार पेलणारी जागा कमी होते आणि उरलेल्या जागेवरचा दाब वाढतो. रुग्णाला आराम वाटणं आणि कातडीला आराम मिळणं या दोन गोष्टी दर वेळी जुळत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस ती वळवळ सगळ्यांनाच नकोशी वाटते, मग सवय होते. त्या दिवसांत खुंटीला हात न लावता रुग्णाला समजावत राहावं लागतं, आणि ते सांगणारं माणूस गादीच्या खोक्यात मिळत नाही.

एवढ्याने जखमेचा उलगडा झाला असं वाटलं होतं. पण नुसती खुंटी आणि गोधडी यांनी इतक्या लवकर तिसरा टप्पा यावा, हे पटत नव्हतं. डायपर बदलण्याच्या निमित्ताने सून आजींना दिवसातून चार-पाचदा हलवत होती. मग नुकसान कधी होत होतं?

त्याचं उत्तर सकाळी लवकर गेल्यावर मिळालं. पंपाचा दिवा लागलेला होता, पण पंपाच्या पेटीला हात लावला तर गार. रात्रभर चाललेला पंप कोमट लागतो. गादी चाचपली तर उंचवटे अर्धवट भरत होते. आजोबांना विचारलं. ते त्याच खोलीत झोपतात. त्यांनी सरळ सांगितलं, “अहो सिस्टर, रात्री ती घरघर ऐकवत नाही. ती झोपली की बंद करतो आणि पहाटे उठलो की लावतो. ती हलत नाही, मग गादी तरी कशाला हलायला पाहिजे?”

रात्री दहा ते पहाटे साडेपाच. पंप बंद झाला की बबलच्या गादीतली हवा अंगाच्या भाराने निघून जाते. वर गोधडी, खाली प्लायवूड, मध्ये चपटी पीव्हीसी. रोज साडेसात तास आजी जवळजवळ फळीवर एका कुशीत, म्हणजे खरं तर एका पाठीवर, पडून होत्या. कुणीही उठून त्यांना वळवत नव्हतं. एप्रिलमध्ये, म्हणजे गादी नवीन असताना, सून रात्री दोनदा उठून वळवायची. गादी ‘आपोआप काम करते’ हे पटल्यावर तिने ते थांबवलं. दिवसभर घर, स्वयंपाक, मुलीची दहावी आणि सासूबाईंचं सगळं. तिला झोप हवीच होती. म्हणजे गादी आली म्हणून वळवणं थांबलं, आणि ज्या वेळी वळवणं थांबलं त्याच वेळी गादीही बंद राहिली.

जखमेचा आकार मात्र आणखी काही सांगत होता. ती गोल नव्हती. एका बाजूला तिची कड आतून पोकळ होती, सळई घातली तर कातडीखाली जवळपास सेंटिमीटरभर जात होती. नुसत्या दाबाने अशी कपार कमी वेळा होते, घसरण्याने होते. पाठीमागे उशा रचून आजींना दिवसातून तीन-चार तास अर्धवट बसवून ठेवत होते, टीव्ही दिसावा म्हणून. माणूस असा टेकून बसला की हळूहळू पायाकडे सरकतो. हाडं खाली सरकतात, कातडी चादरीला चिकटून वरच राहते आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणून पिळवटतात. शिवाय त्या स्थितीत अंगाचा बराचसा भार एकट्या त्रिकास्थीवर येतो आणि बबल तळाला टेकतात. म्हणून डोक्याकडची बाजू ३० अंशांहून वर ठेवू नये असं सांगतात.

इथे एक खरी अडचण होती आणि तिच्यावर सर्वांत जास्त डोकं चालवावं लागलं. आजींना गिळायला त्रास होता. अशा रुग्णाला खाताना ताठ बसवायचं असतं आणि खाल्ल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नसतं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियाची भीती. फुप्फुसासाठी ताठ, कातडीसाठी ३० अंश. पुस्तकात या दोन सूचना वेगवेगळ्या प्रकरणांत असतात, आजींच्या अंथरुणात त्या एकाच वेळी हजर होत्या. तोडगा असा निघाला की जेवण अंथरुणात द्यायचंच नाही. फिजिओथेरपिस्टने आजोबांना आणि सुनेला दोघांनी मिळून आजींना खुर्चीत कसं घ्यायचं ते शिकवलं. हात असलेली खुर्ची, खाली जाड फोम, पाय जमिनीला टेकलेले. ताठ बसलं की भार बसण्याच्या हाडांवर जातो आणि त्रिकास्थी मोकळी राहते. घसरून बसलं की पुन्हा तिच्यावरच. एका वेळी एक तासाच्या आत परत अंथरुणात. ज्या दिवशी खुर्चीत घेणं जमणार नाही त्या दिवशी आधी गुडघ्यांखाली उशी, मग डोकं वर, म्हणजे घसरणं कमी होतं.

बाकीचे बदल पटकन झाले. कापसाची गादी माळ्यावरून खाली आली, तिच्यावर एअर बेड, वर एकच सुती चादर सैल. गोधडी काढायला आजी तयार नव्हत्या, त्यांच्या आईची होती ती. मग ती एअर बेडच्या खाली अंथरली आणि वाद मिटला. डायपर दिवसा घट्ट न बांधता नुसता खाली पसरलेला. खुंटी आकड्यावर. पंपाची घरघर निम्म्याने कमी झाली, कारण तो दिवाणाच्या प्लायवूडला टांगलेला होता आणि फळी घुमत होती. तो काढून स्टुलावर फोमच्या तुकड्यावर ठेवला, हवा घ्यायची बाजू मोकळी ठेवून. आजोबांनी स्वतःच बटणावर चिकटपट्टी मारली. पंपाला वीज अगदीच थोडी लागते, म्हणून त्याचं कनेक्शन इन्व्हर्टरवर घेतलं. पावसाळ्याच्या तोंडावर वीज जातेच. टाचांसाठी एअर बेडचा उपयोग जवळजवळ नसतो. पोटरीखाली लांबट उशी घालून टाच हवेत अधांतरी ठेवली. शेजारच्या काकूंनी रबराची रिंग आणि स्पिरिटने मालीश सुचवली होती. दोन्हीला नकार दिला: रिंगमुळे भोवतालच्या कातडीचा रक्तपुरवठा दबतो आणि हाडावरच्या लाल झालेल्या कातडीवर चोळलं की आतलं आणखी फाटतं.

वळवण्याचं वेळापत्रक मी घड्याळाला न बांधता घराला बांधलं. सकाळचा चहा, नळाला पाणी येणं, नातीची शाळा, दुपारची भांडी, संध्याकाळची मालिका. दिवसा साधारण दोन तासांनी कूस बदलते. पूर्ण ९० अंश कुशीवर घालायचं नाही, कारण मग खुब्याचं हाड गादीत घुसतं. पाठीमागे लांब उशी घालून ३० अंश कलतं ठेवायचं आणि हात घालून त्रिकास्थी अधांतरी आहे ना ते बघायचं. डावीकडे कलताना लुळा खांदा जरा पुढे ओढून घ्यायचा. रात्री दोनऐवजी चार तासांनी. याला थोडा आधार आहे: २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांतल्या ९४२ जणांवरच्या अभ्यासात चांगल्या फोमच्या गादीवर दर दोन, तीन किंवा चार तासांनी वळवण्यात जखमांचा फरक दिसला नव्हता. ज्यांना आधीच जखम आहे त्यांना तो सरळ लागू होत नाही. तरीही रात्री दोन-दोन तासांनी उठणारी सून दहा दिवसांत आजारी पडली असती, आणि मग काहीच झालं नसतं. मुलाची रात्रपाळी नसेल तेव्हा पहाटेची फेरी त्याची.

महागड्या गादीचा प्रश्न उरलाच होता. मुलाने फोनवर पन्नास हजारांच्या गाद्या पाहून ठेवल्या होत्या. मी त्याला ब्रिटनमधल्या २०१९ च्या चाचणीबद्दल सांगितलं. मोठी जोखीम असलेले २,०२९ रुग्ण, निम्म्यांना दाब बदलणारी हवेची गादी, निम्म्यांना उत्तम प्रतीचा फोम. हवेच्या गादीवर शंभरांत सुमारे सात जणांना जखम झाली, फोमवर सुमारे नऊ जणांना, आणि हा फरक ठामपणे गादीच्या खात्यावर मांडता आला नाही. त्या रुग्णांना परिचारिकांची देखभाल मिळत होती, हेही लक्षात घ्यायला हवं. माझं मत असं की आधी आहे ती गादी नीट चालवायची, मग ती अपुरी पडते का ते हाताने बघायचं.

हाताने म्हणजे अक्षरशः. एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये तळवा वर करून हात सरकवायचा, त्रिकास्थीच्या बरोबर खाली. अंग आणि हात यांच्यात इंचभर तरी हवेचा आधार लागला पाहिजे. हाड बोटांना टोचलं तर गादी तळाला टेकली आहे. ही ढोबळ पद्धत आहे, पण फुकट आहे. आजी सपाट असताना बबलची गादी पास झाली. डोकं ३० अंश वर केलं की नापास. म्हणून जूनमध्ये ती बदलून आडव्या नळ्यांची, पाच इंच उंचीची गादी भाड्याने घेतली. महागडी नव्हे, मधली.

जखमेचं काम सर्जनने सुरू केलं: मृत थर कापून काढला, कपार उघडी केली. ड्रेसिंगचं सामान गोळे कॉलनीतून, नाशिकच्या औषधबाजारातून, येत होतं. सलाईनने धुणं आणि फोमचं ड्रेसिंग, तीन दिवसांनी बदल, भिजलं तर आधी. घरात हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली होती, ती बंद केली. फेस बघून समाधान मिळतं, पण नवी पेशी पण त्यात मरते. उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वर होती, डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं. मूत्रपिंडाची तपासणी ठीक आल्यावर प्रथिनं वाढवली. अशा जखमेत वजनाच्या किलोमागे १.२५ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे आजींना रोज ५७ ते ६९. वरणाचं पाणी पिऊन हे कधीच भरत नाही. घट्ट मुगाचं वरण, दही, मऊ अंडाभुर्जी, दुधात शेंगदाण्याचं बारीक कूट. अंड्याला आजींचा दोन दिवस विरोध होता, मग संपला.

जुलैत तळ लाल, दाणेदार झाला. टाचेवरचा डाग वाळून खपली धरली आणि महिन्याभराने ती आपोआप पडली. खाली कातडी होती. ऑगस्टअखेर पाठीची जखम ३ बाय २ वर आली.

मग गणपती आले. पाहुण्यांची ये-जा, आणि आजी कशा बऱ्या झाल्यात हे सगळ्यांना दाखवायचं होतं. त्यांना उशांच्या आधाराने अंथरुणात टेकवून बसवलं, दुपारी तीन-चार तास. प्रत्येक जण “छान बसतात की!” म्हणून गेला. चौथ्या दिवशी जखमेच्या खालच्या कडेला काळपट पट्टी दिसली. गादी तीच, खुंटी जागेवर, पंप रात्रभर चालू. फक्त बसणं बदललं होतं. सून रडवेली झाली. आजोबांनी मात्र शांतपणे वहीत लिहून ठेवलं आणि पुढच्या पाहुण्यांना आजी कुशीवर असताना भेटवलं. दोन आठवडे मागे गेलो.

दिवाळीत जखम सेंटिमीटरभर होती, जानेवारीत पूर्ण मिटली. आता मुलाचा प्रश्न असा होता: गादी परत करू का? वरची कातडी मिटली तरी आतला वण मूळ कातडीइतका मजबूत होत नाही. फार तर ८० टक्क्यांपर्यंत जातो आणि त्यालाही महिने लागतात. आजींचे ब्रेडनचे गुण तेव्हा १४ होते, म्हणजे मध्यम जोखीम. डॉक्टर आणि मी दोघांनीही उन्हाळा संपेपर्यंत गादी ठेवा असं सांगितलं, कारण घामाने भिजलेल्या वणाची मला जास्त भीती होती. मुलाने हिशेब काढला: तोवरच्या भाड्यात तशीच गादी विकत आली असती. हिशेब बरोबर होता. त्याने दुकानदाराशी घासाघीस करून तीच गादी वापरलेल्या किमतीत घेऊन टाकली. पंपाची जाळी महिन्यातून एकदा झाडायचं काम आजोबांकडे आहे, आणि रात्रीची चार तासांची फेरी अजून चालू आहे.